कोलकात्याचं मैलापाणी पिणाऱ्या भेऱ्या: पूर्व कोलकाता पाणथळीचं प्रकरण

कोलकाता हुगळीच्या काठावर वसलेलं आहे, पण मध्यवर्ती शहराचं सांडपाणी हुगळीत जात नाही. नदीने शतकानुशतकं गाळ टाकून आपला काठ उंच केला आणि जमिनीचा उतार नदीपासून दूर, पूर्वेला गेला. त्यामुळे इथली गटारं नदीकडे पाठ फिरवून निघतात. दिवसाला सुमारे 75 कोटी लिटर मैलापाणी पंपांनी उचलून पूर्वेच्या कालव्यांत सोडलं जातं. तिथून जवळपास 30 किलोमीटरवर कुल्टी नदी आहे. ती हे पाणी सुंदरबनाच्या खाड्यांमार्गे बंगालच्या उपसागराला नेते. या वाटेवर एवढा भार उचलणारं मोठं यांत्रिक शुद्धीकरण केंद्र नाही. आहेत ती मासळीची उथळ तळी, भाताची खाचरं आणि भाजीचे मळे. हा सगळा टापू 12,500 हेक्टरांचा असून 2002 च्या ऑगस्टमध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला.

या जागेचं वर्णन बहुतेक वेळा 'निसर्गाने शहराला दिलेलं फुकटचं शुद्धीकरण केंद्र' असं होतं. माझ्या मते या वर्णनानेच तिचं सर्वाधिक नुकसान केलं आहे. इथलं पाणी निसर्गाच्या नियमांनी शुद्ध होतं हे खरं, पण ते घडवून आणतात तिथले मासेमार. ते हे काम करतात कारण त्यावर त्यांचं पोट चालतं. मासळीचा धंदा परवडेनासा झाला की त्या दिवसापासून शुद्धीकरणही थांबतं.

खारं सरोवर ते गोडी मासळी

शहराच्या पूर्वेला पूर्वी खाऱ्या पाण्याचा मोठा दलदली पट्टा होता. बिद्याधरी नदीतून भरतीचं पाणी त्यात यायचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम क्लार्क यांच्या आराखड्यानुसार भूमिगत गटारं बांधली गेली आणि शहराची घाण बिद्याधरीकडे वळली. नदी आधीच गाळाने भरत होती. कालवे, बांध आणि शहराचा मैला यांनी तिचा श्वास आणखी कोंडला. 1928 मध्ये ती मृत झाल्याचं सरकारनेच जाहीर केलं.

भरती थांबली तसं खारं पाणी येणं बंद झालं आणि खाजणातल्या मासळीवर जगणाऱ्यांचा धंदा बसला. त्याच सुमारास, 1930 च्या आसपास, काही जणांनी कालव्यातलं मैलापाणी बेताबेताने तळ्यांत घेऊन पाहिलं. मासे मेले नाहीत, उलट झपाट्याने वाढले. एकाचं पाहून दुसऱ्याने केलं आणि पुढच्या काही दशकांत ही पद्धत सगळ्या पट्ट्यात पसरली. महापालिकेचे अभियंता डॉ. बी. एन. डे यांच्या योजनेनुसार 1940 च्या दशकात कुल्टीपर्यंत दोन समांतर कालवे झाले. एक कोरड्या दिवसांतल्या मैलापाण्यासाठी होता, दुसरा पावसाच्या लोंढ्यासाठी. या कालव्यांमुळे तळ्यांना नियमित पाणी मिळू लागलं. ते तळ्यांत वळवायची युक्ती मात्र कोणत्याही सरकारी आराखड्यात नव्हती, ती मासेमारांची होती.

शेजारचं धापा शहराचा कचरा टाकण्याची जागा आहे. तिथे कचऱ्याच्या जुन्या थरांवर एकोणिसाव्या शतकापासूनच भाजी पिकते. फुलकोबी, पालक, वांगी, मका असा माल तिथून सकाळी शहरात जातो.

भेरीत काय घडतं

मासळीच्या या तळ्यांना तिकडे भेरी म्हणतात. अशा सुमारे 250 भेऱ्या आहेत. काही पाच-दहा एकरांच्या आहेत, तर काहींचा पलीकडचा काठ नजरेत मावत नाही. खोली मात्र सगळीकडे जेमतेम, अर्धा ते दीड मीटर. सारं तंत्र या उथळपणावर उभं आहे, कारण ऊन तळापर्यंत पोचलं तरच पुढचं काम होतं.

वर्षाची सुरुवात हिवाळ्यात होते. भेरीतलं पाणी काढून तळ उन्हात तापू देतात. गाळ उलथतात, जास्तीचा गाळ काढून त्यानेच बांध दुरुस्त करतात. चुना टाकतात, मोहाची पेंड टाकतात. पेंडीने नको असलेले मासे मरतात आणि नंतर तिचं खत होतं. मग कालव्यातून मैलापाणी आत घेतात आणि दोन-तीन आठवडे तसंच राहू देतात. आलेलं पाणी काळपट, दुर्गंधीचं आणि प्राणवायू जवळजवळ नसलेलं असतं. भेरीत ते पसरतं, वेग मंदावतो, जड कण तळाशी बसतात. जिवाणू विरघळलेली घाण फोडू लागतात. त्यातून सुटलेलं नत्र, स्फुरद आणि कर्बवायू यांवर सूक्ष्म शैवाल वाढतं. ते दिवसभर ऊन खाऊन प्राणवायू सोडतं आणि तोच प्राणवायू जिवाणूंना घाण फोडायला लागतो. यांत्रिक केंद्रात नेमक्या याच कामासाठी पाण्यात हवा फुंकणारे मोठमोठे ब्लोअर अहोरात्र चालवावे लागतात आणि विजेच्या बिलाचा मोठा भाग त्यांचा असतो.

दिवसा शैवाल पाण्यातला कर्बवायू ओढून घेतं, म्हणून पाणी अल्कधर्मी होतं. अल्कधर्मी पाणी, भरपूर प्राणवायू आणि कडक ऊन, या तिन्हींच्या माऱ्यात मैल्यातले रोगजंतू तगत नाहीत. या पाणथळीत सेंद्रिय भार, म्हणजे बीओडी, 80 टक्क्यांहून अधिक उतरतो आणि विष्ठेच्या दूषिततेची खूण मानले जाणारे कोलिफॉर्म जिवाणू 99.99 टक्क्यांपेक्षा जास्त घटतात, असं मोजमापांत नोंदलं गेलं आहे. क्लोरीनचा थेंबही न टाकता.

इथवरचं वर्णन कुठल्याही ऑक्सिडेशन पाँडला, म्हणजे मैलापाणी उन्हात साठवून शुद्ध करणाऱ्या तळ्याला लागू पडेल. आपल्याकडे कितीतरी नगरपालिकांनी असे पाँड बांधले आणि ते हिरव्या, कुबट पाण्याची डबकी होऊन पडले. कारण शैवाल वाढतं तसं मरतंही. मेलेलं शैवाल कुजायला पुन्हा प्राणवायू लागतो आणि घाण फक्त रूप बदलून तिथेच राहते. भेरीत हे चक्र मासा तोडतो. चंदेरा वरचं शैवाल खातो, कटला पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म प्राणी खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाचं कुजकं निवडतो. पाण्याच्या प्रत्येक थराला खाणारा आहे. मग जाळं पडतं, मासा बाजारात जातो आणि त्याच्याबरोबर शहराच्या मैल्यातलं नत्र-स्फुरद पाण्याबाहेर पडतं. यांत्रिक केंद्रात हेच पोषक घटक ओल्या गाळात साठतात आणि तो गाळ टाकायचा कुठे, हा प्रश्न देशातल्या प्रत्येक महापालिकेला सतावतो. कोलकात्याच्या पूर्वेला त्यांचा बराच भाग जेवणाच्या ताटात जातो. भेरीतून निघालेलं पाणी पुढे भाताच्या खाचरांत जातं आणि उरलेली पोषकं तिथल्या पिकाला मिळतात. वर्षाला 10,000 टनांहून अधिक मासळी इथून निघते आणि कोलकात्यातल्या सामान्य घरांना परवडते, कारण ती खाद्याशिवाय वाढलेली आणि शहराच्या उंबरठ्यावरची असते.

हाताचं काम

मासे सोडल्यानंतरही मैलापाणी रोज थोडं थोडं द्यावं लागतं, काही तासांपुरतंच. कमी पडलं तर मासा उपाशी राहतो, जास्त झालं तर रात्री प्राणवायू संपतो. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले की भेरीवाला समजतो की आदल्या दिवशी पाणी जास्त झालं. मग झडप बंद करायची, पाणी ढवळायचं, ताजं पाणी घ्यायचं. पाण्याचा रंग, वास आणि गढूळपणा यांवरून तो डोस ठरवतो. पाणी आत येतं त्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांची जाळी असते. मासे कालव्याच्या विषारी पाण्यात जाऊ नयेत म्हणून ती ठेवलेली असते. काठाने जलपर्णीचा पट्टा राखतात. एरवी आपण जिला शिव्या देतो ती जलपर्णी इथे लाटांपासून बांध वाचवते, उन्हाळ्यात माशांना सावली देते आणि काही जड धातूही शोषून घेते. मात्र तिला बांबूने अडवून काठालाच ठेवावं लागतं. ती पसरली तर ऊन अडतं आणि सगळं तंत्रच बसतं.

यातल्या कुठल्याच कामाला 'सांडपाणी प्रक्रिया' असं नाव नाही. मजुराला मजुरी मिळते ती मासे धरण्याची, बांध घालण्याची, जलपर्णी काढण्याची. शहराची घाण साफ केल्याबद्दल त्याला कुणी काही देत नाही. हजारो कुटुंबं या पाण्यावर जगतात. त्या अर्थाने कोलकात्याच्या करदात्याला शुद्धीकरण स्वस्तात मिळतं आणि त्याची किंमत भेरीवरचा मजूर कमी मजुरीने, मैलापाण्यात उभं राहून त्वचारोगाचा आणि जंतांचा धोका पत्करून भरत असतो.

एक अभियंता शोध घेतो

1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सरकारदरबारी ही गोष्ट कुणी नीट मांडलेली नव्हती. राज्य सरकारच्या सेवेतले सार्वजनिक आरोग्य अभियंता ध्रुवज्योती घोष यांना सांडपाण्याच्या पुनर्वापराची शक्यता तपासायला सांगण्यात आलं. ते गटाराच्या पाण्यामागोमाग चालत पूर्वेला गेले आणि त्यांना दिसलं की ज्याची योजना आखायची, ते काम इथले अल्पशिक्षित मासेमार आणि शेतकरी अर्धशतक करत आहेत. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी या पट्ट्याला दिलं. नकाशे केले, पाणी मोजलं, भेरीवाल्यांचं ज्ञान अभियांत्रिकीच्या भाषेत लिहून काढलं. 1990 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना 'ग्लोबल 500' सन्मान दिला. 2018 च्या फेब्रुवारीत त्यांचं निधन झालं.

घोष यांच्या कामातली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांनी मासेमारांना 'लाभार्थी' म्हणून पाहिलं नाही. त्यांच्या लेखी हे लोक तज्ज्ञ होते. सांडपाणी म्हणजे पोषकांनी भरलेलं पाणी, ही समज मासेमारांकडे आधीपासून होती आणि अभियंत्याने ती त्यांच्याकडून घेतली. आपल्या नगरपालिकांच्या प्रकल्प अहवालांत ही नम्रता मला क्वचितच दिसते.

न्यायालय आणि कायदा

शहर पूर्वेलाच वाढणार होतं. 1960 च्या दशकात हुगळीतला गाळ पाइपांनी आणून दलदलीचा मोठा भाग भरला गेला आणि त्यावर सॉल्ट लेक, म्हणजे बिधाननगर, उभं राहिलं. पुढे बायपास रस्ता आला आणि जमिनीचे भाव चढले. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला याच पट्ट्यात जागतिक व्यापार केंद्र उभारण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा 'पब्लिक' या नागरिक संघटनेने कलकत्ता उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जी यांनी 1992 मध्ये निकाल देताना पाणथळीचा वापर बदलण्यास मनाई केली. भारतात पाणथळींच्या बाजूने आलेल्या सुरुवातीच्या ठळक निकालांपैकी हा एक. रामसर दर्जानंतर 2006 मध्ये राज्याने या पट्ट्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि एक व्यवस्थापन प्राधिकरण नेमलं. 12,500 हेक्टरांत पाणी, शेती, कचऱ्यावरचे मळे आणि वस्ती कुठे-किती, याची नोंद झाली. सगळ्यात मोठा हिस्सा पाण्याचा होता, निम्म्याच्या जरा खाली.

निकाल आणि कायदा झाले नसते तर आज तिथे इमारतींशिवाय काही दिसलं नसतं, यात मला शंका नाही. तरीही काही गावांच्या हद्दीत भेऱ्या भरून गोदामं आणि घरं झालीच. भगवानपूर हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. कायद्याचा मुख्य भर जमिनीच्या वापरावर आहे आणि दुखणं मात्र बऱ्याचदा पाण्यापासून सुरू होतं.

ते असं: कालव्यातली पातळी बानतला इथल्या दरवाजांवर ठरते. भेऱ्यांना पाणी उतारानेच मिळतं, म्हणून कालव्यात पाणी उंच हवं. शहराला मात्र ते खाली हवं असतं, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे लोंढा आला की पटकन निघून जाईल. शहराचा शब्द जड असल्याने दरवाजे उघडे राहतात आणि पाणी प्रक्रियेविना थेट कुल्टीकडे जातं. कालवे गाळाने भरलेले असल्यामुळे भेरीच्या तोंडाशी येणारं पाणीही कमी होतं. पाणी कमी म्हणजे मासळी कमी, मासळी कमी म्हणजे तोटा. दोन-तीन वर्षं तोट्यात गेलेल्या भेरीच्या मालकाकडे मग जमिनीचा दलाल येतो. कागदावर ही भराव टाकण्याची बेकायदा घटना असते, पण तिची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी, त्या दरवाजापाशी झालेली असते.

दुसरं दुखणं चामड्याचं. टांगरा, तोपसिया, तिलजला भागांतल्या चर्मोद्योगांचं क्रोमियमयुक्त पाणी वर्षानुवर्षं याच कालव्यांत पडत आलं. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये हे कारखाने शहराबाहेर हलवायला सांगितलं आणि त्यासाठी वसाहत उभी राहिली ती बानतलाला, म्हणजे पाणथळीच्या अंगावरच. जिवाणू आणि शैवाल मैला पचवतात, क्रोमियम किंवा शिसं पचवत नाहीत. ते गाळात साठतं, मुळांत जातं, माशांपर्यंतही पोचू शकतं. घरगुती सांडपाण्यात कारखान्याचं पाणी मिसळू द्यायचं नाही, ही या तंत्राची पहिली अट आहे. ती मोडायची आणि वर 'मैलापाण्याची मासळी सुरक्षित आहे का' असं भेरीवाल्याला विचारायचं, हा मला अन्याय वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने 1989 मध्येच मासळीच्या तळ्यांतल्या पाण्यासाठी जिवाणूंची मर्यादा सांगितली होती: 100 मिलिलिटरला 1,000 पेक्षा जास्त विष्ठाजन्य कोलिफॉर्म नकोत. जंतूंचा प्रश्न नीट चालवलेली भेरी आणि स्वयंपाकघरातला विस्तव मिळून सोडवतात. धातूंचा प्रश्न कारखान्याच्या दारातच सोडवावा लागतो.

दुसऱ्या गावांना यातलं काय घेता येईल

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020-21 च्या आकड्यांनुसार देशातल्या शहरांत रोज 7,236 कोटी लिटर सांडपाणी तयार होत होतं आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती 2,023 कोटी लिटरवर. बाकीचं नदी-नाल्यांत. जी केंद्रं बांधली आहेत त्यांचीही पूर्ण क्षमता वापरात नव्हती. वीजबिल आणि देखभाल न परवडणं हे त्याचं एक मोठं कारण. अशा देशात कोलकात्याचं उदाहरण अडगळीत ठेवणं परवडणारं नाही.

मात्र जागेचा हिशोब आधी मांडायला हवा. भेरीसारखं तळं दर हेक्टरी दिवसाला साधारण 20 ते 70 किलो बीओडी पेलतं. एक लाख वस्तीचं गाव धरा, माणशी 100 लिटर सांडपाणी आणि लिटरमागे 150 मिलिग्रॅम बीओडी. रोज 1,500 किलो भार झाला. हेक्टरी 50 किलोच्या हिशोबाने 30 हेक्टर, म्हणजे सुमारे 75 एकर पाणी लागेल. ठाण्यात किंवा पिंपरीत ही जागा मिळणार नाही. मराठवाडा-विदर्भातल्या तालुक्याच्या गावाशेजारी मिळू शकते, शिवाय पुढच्या शेतीला खतावलेलं पाणीही मिळेल. पश्चिम बंगालमध्येच गंगा कृती योजनेखाली टिटागड, पाणिहाटी आणि बाली इथे तळ्यांवर आधारित अशी केंद्रं बांधली गेली. मासळीचं उत्पन्न आणि देखभाल एकमेकांना जोडण्याची कल्पना घोष यांचीच होती.

जागा कमी असेल तिथे बांधीव पाणथळ हा मार्ग उरतो. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने विकसित केलेलं 'फायटोरिड' तंत्र त्यातलंच आहे. खडी-वाळूच्या थरातून सांडपाणी सावकाश जातं आणि त्यावर पाणकणीस, कर्दळ अशा वनस्पती वाढतात. वास कमी येतो, डास कमी होतात, वीज नाममात्र लागते. वसाहती, संस्थांची आवारं, मध्यम नाले यांसाठी ते चांगलं आहे. पण वाढलेली झाडं कापली नाहीत, आधीच्या टाकीतला गाळ उपसला नाही, तर काही वर्षांत खडी तुंबते आणि पाणी वरून वाहू लागतं. भेरीत ही देखभाल कुणाला सांगावी लागत नाही, कारण तिच्यात कुणाची तरी मिळकत आहे. बांधीव पाणथळीत तशी मिळकत नसते. म्हणून निविदेत बांधकामाइतकीच पुढच्या दहा वर्षांच्या राखणीची तरतूद असायला हवी, आणि ती शक्यतो चारा, फुलं, बांबू किंवा मासळी यातून काही कमावणाऱ्या गटाकडे द्यावी.

खुद्द कोलकात्यात काय व्हायला हवं, याबाबत भेरीवाल्यांची मागणी साधी आणि जुनीच आहे. कालव्यांतला गाळ नियमित काढा. बानतलाच्या दरवाजांवर कोरड्या महिन्यांत किती पातळी राखायची हे लेखी ठरवा आणि ते ठरवताना पाटबंधारे खातं, महापालिका आणि मत्स्य सहकारी संस्था एकत्र बसू द्या. चामड्याचं पाणी वेगळं ठेवा. शहर मैलापाणी शुद्ध करून घेतं त्याचा मोबदला, निदान कालवे आणि बांध दुरुस्तीच्या खर्चाच्या रूपात, भेऱ्यांना द्या. याला नवं तंत्रज्ञान लागत नाही आणि यांत्रिक केंद्राच्या एका टप्प्याएवढाही खर्च येणार नाही, असं माझं मत आहे.